बायोॲक्टिव्ह काच आणि एसबीएफ: या चुका टाळा

"सर, बीकरात दूध होऊ लागलंय." रात्री नऊला लॅबमधून विद्यार्थिनीचा फोन आला आणि मला माझंच बीकर आठवलं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही एसबीएफचं असंच दूध केलं होतं. वर शहाणपणा असा की ते गाळून वापरलं. तीन आठवड्यांचं काम मोरीत गेलं.

एसबीएफ (सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड) म्हणजे रक्तद्रवातल्या क्षारांच्या मापानं बनवलेलं द्रावण, जपानच्या कोकुबोंनी रूढ केलेलं. त्यात बायोॲक्टिव्ह काच, म्हणजे हाडाला चिकटू शकणारी काच, बुडवून ठेवायची आणि तिच्यावर हाडातल्या खनिजासारखा ॲपेटाइटचा थर चढतो का ते बघायचं. हे द्रावण काठोकाठ भरलेल्या घागरीसारखं असतं, जरा धक्का लागला की सांडलंच. धक्का बहुधा ट्रिसचा, म्हणजे पीएच टिकवायला टाकायच्या बफरच्या पावडरीचा. ट्रिस भसकन ओतलं की तेवढ्या जागी पीएच चढतो आणि कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडतं. म्हणून चिमूट चिमूट टाका, विरघळू द्या, मग पुढची चिमूट. कॅल्शियम क्लोराइडच्या आधी हायड्रोक्लोरिक आम्ल गेलेलं असायला हवं. बीकर आणि बाटल्या प्लास्टिकच्या घ्या, कारण काचेच्या भांड्यावरच्या ओरखड्यांवरही ॲपेटाइट धरतं. आणि गढूळ झालंच तर फेका. गाळलेल्या पाण्यात कॅल्शियम किती उरलं, देव जाणे.

पुढची चूक आपल्या हवेची. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर हलतो, अंशामागे सुमारे ०.०३ नं उतरतो. ७.४० हा आकडा ३६.५ अंशांचा आहे. डिसेंबरात लॅब २५ अंशांवर असताना कुणी ७.४० लावला, तर इन्क्युबेटरमध्ये तो ७.१ च्या आसपास येतो आणि थर धरता धरत नाही. मेमध्ये लॅबच चाळिशीला टेकली की उलटं होतं. मग "माझी काच उन्हाळ्यात जास्त चालते" असा शोध लागतो! बीकर वॉटर बाथमध्येच ठेवा, पीएच मीटरही त्याच तापमानाला कॅलिब्रेट करा.

पाण्याचं काय सांगायचं. लातूरला २०१६ मध्ये पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं लॅबला बोअरच असणार. बोअरच्या पाण्यानं डिस्टिलेशनच्या हीटरवर पांढरी पुटं चढतात. पाण्यात क्षार उरलेत का, रोज सकाळी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून बघा, एवढंच. जुलैत मात्र कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडून बघा: खडे ओलसर, चमच्याला चिकटणारे. वजनात निम्मं पाणी असू शकतं. १२० अंशांवर रात्रभर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, लगेच तोला.

आता काचेकडे. बायोॲक्टिव्ह काच शोधणाऱ्या लॅरी हेंच यांच्या १९६९ च्या ४५एस५ काचेत वजनानं ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, तेवढंच कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. ही भुकटी खूप वेगानं आयन सोडते. ५० मिलीत ७५ मिलिग्रॅम पुरे. "जास्त टाकली तर थर जाड येईल" म्हणून अर्धा ग्रॅम टाकलात तर ॲपेटाइटऐवजी कॅल्साइट बसतं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) २९.४ अंशांवर टोकदार शिखर दिसलं की ते कॅल्साइट. ॲपेटाइटची शिखरं २६ आणि ३२ च्या आसपास शोधा. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड चाचणीत) ५६० ते ६०० प्रति सेंमीच्या दरम्यानची शिखरांची जोडी दिसली तर खात्री धरा.

सोल-जेलवाल्यांनी, म्हणजे काच वितळवून नव्हे तर द्रावणाचं जेल करून बनवणाऱ्यांनी, वीज सांभाळावी. मफल फर्नेस (भट्टी) ७०० अंशांकडे चाललेली असताना वीज गेली आणि नमुना तसाच "झाला" म्हणून काढला, तर कॅल्शियम नायट्रेटमधलं नायट्रेट आत राहतं. ते पेशींना मारतं. पुन्हा पूर्ण भाजा.

पेशींच्या प्रयोगात ताजं स्कॅफोल्ड (काचेचा सच्छिद्र सांगाडा) थेट टाकू नका. पहिल्या काही तासांत सोडियम सुटून पीएच चढतो. मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) लालचं गर्द गुलाबी होतं, तेव्हाच समजायचं. आधी मीडियममध्ये भिजवून, एकदोनदा बदलून मग पेशी पेरा. आमच्याकडे एकानं हा रंग पाहिला, छान दिसतो म्हणून फोटोही काढला. पेशी सगळ्या मेल्या होत्या.

त्या विद्यार्थिनीनं दुसऱ्या दिवशी ट्रिस टाकायला पाऊण तास घेतला, बीकर निवळशंख राहिलं. सातव्या दिवशी थरही आला. मग तिनं गोषवाऱ्यात लिहिलं, "या काचेमुळे हाड तयार होते." एसबीएफमध्ये ना पेशी, ना प्रथिनं. हेंच यांची काच त्यांचे सहकारी टेड ग्रीनली यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात सहा आठवडे बसवली, ती उपटून निघेना, तेव्हा कुठे ती हाडाला चिकटते असं म्हटलं गेलं. मी ते वाक्य खोडून वर लिहिलं: "ॲपेटाइटचा थर आढळला." ती म्हणाली, "सर, मग पेपर लहान होतो की." हो, झाला.