ऑनलाइन अभ्यासिकेतली दहा मिनिटं: कोडी, आकडे आणि देवाधर्माची थट्टा

गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की कॉल ६० मिनिटांनी तुटतो. ५० मिनिटं एकत्र अभ्यास आणि १० मिनिटं कोडी-गप्पांची सुट्टी असं आखलंत, तर नेमकं कोड्याचं उत्तर सांगायच्या वेळी सगळे बाहेर. ४५ आणि १० धरा. उरलेली पाच 'आवाज येतोय का?' यात जातातच.

सुरुवात एका ओळीच्या कोड्याने करावी. 'तीन जण वाढायला, बारा जण जेवायला' (घड्याळ), 'सगळे गेले रानात, झिपरी पोरगी घरात' (केरसुणी). अडचण एकच: भरभर टाइप करणारा एकजण उत्तर टाकतो आणि बाकीच्यांची मजा संपते. म्हणून उत्तर लिहून ठेवायचं, पाठवायचं नाही. तीस सेकंदांनी 'तीन, दोन, एक' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचं.

आकड्यांत '२, ४, ८, पुढे काय?' असलं काही घेऊ नका. दुप्पट केलं तर १६, फरक दोन-दोनने वाढवला तर १४. दोन्ही बरोबर आणि सुट्टी वादात जाते. त्यापेक्षा देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ घ्या. प्रत्येकाने चार अंकी संख्या निवडायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळे ६१७४ वर येतात. जन्मसाल सोयीचं पडतं. २००३ चं असं होतं: ३२०० − ००२३ = ३१७७, मग ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. (कुणीतरी हटकून एटीएमचा पिन घेतो. आधीच बजावा.)

चुका होतात त्या शून्यापाशी. २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९. इथे ०९९९ लिहायला हवं. शून्य गाळलं की ९९९ − ९९९ = ० आणि 'तुमचं कोडंच चुकीचं' अशी ओरड. शून्य धरलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. ताळा सोपा आहे: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात आली पाहिजे. ३१७७ ची बेरीज १८. कुणाची १७ आली तर हातचा हुकलाय.

देवाधर्माची थट्टा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, माइक चालू ठेवून. सगळे म्यूटवर असले की हसू ऐकू येत नाही, बोलणाऱ्याला वाटतं विनोद पडला, म्हणून तो आणखी जोरकस दुसरा टाकतो. बिघडतं ते या दुसऱ्यानेच. थट्टा स्वतःच्या घरची असावी: 'एकादशी, दुप्पट खाशी' हे खिचडीची दुसरी वाटी घेणाऱ्याने स्वतःबद्दल म्हणावं, रोजा ठेवणाऱ्याने 'इफ्तारपर्यंत मला खाण्याचं कोडं घालू नका' म्हणावं. सवयींवर हसा, देव, पैगंबर, जात यांना हात नको. संत एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवाद' या रचनेत हिंदू आणि तुर्क (म्हणजे मुसलमान) दोघं एकमेकांची चांगलीच उणीदुणी काढतात, पण तिथे दोघांनाही सारखं बोलायला मिळतं आणि शेवट समेटात होतो. गटात एका धर्माचा एकटाच असेल, तर ती बरोबरी नसते. त्याने स्वतःहून विषय काढल्याशिवाय तिकडे वळू नका.

हे लेखी चॅटमध्ये तर अजिबात नको. स्क्रीनशॉटमध्ये आधीची दहा वाक्यं येत नाहीत, फक्त शेवटचं येतं. कुणाला लागलंच तर 'चुकलं, माफ कर' एवढं त्याच गटात, सगळ्यांसमोर म्हणा. 'तसं म्हणायचं नव्हतं' हे पुराण लावलं की पुढची ४५ मिनिटंही गेली.