किल्ली कुणाकडं ठेवायची?

मागच्या महिन्यात इचलकरंजीहून दोन पोरं आली होती. एकाच्या वडिलांनी माग भंगारात विकले, शेड रिकामं पडलंय. तिथं छोटं थिएटर काढायचं म्हणतात, नफ्यासाठी नव्हे, गावासाठी. हातात फाइल. फाइलमध्ये लाइटची यादी, साउंडची यादी, खुर्च्यांचे दर आणि कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र. सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, "किल्ली कुणाकडं राहणार?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. "आमच्याकडंच की, काका."

मग चहा मागवला आणि त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहून काढतोय.

मी काही नाटकातला मोठा माणूस नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात 32 वर्षं लेथ चालवला आणि संध्याकाळी हौशी नाटकांचे लाइट केले. 2018 साली आम्ही नऊ जणांनी एक बंद पडलेलं मशिनशॉप भाड्यानं घेतलं. 60 फूट बाय 30, वर पत्रा, फरशीत अजून यंत्रांच्या फाउंडेशनचे बोल्ट. सतरंजीवर दाटीवाटीनं 100 माणसं बसतात. त्याला आम्ही नाव दिलं नाही. सगळे 'शेड' म्हणतात, तेच चाललंय.

आधी गल्ली, मग लाइट

जागा हातात आल्यावर पहिलं काम उद्घाटन नव्हे. एक वही घ्या आणि शेडपासून 200 पावलांच्या आत जेवढी दारं आहेत तेवढ्या दारांत जाऊन या. नाटकाबद्दल काही बोलू नका. कोण राहतं, कारखाना किती वाजता बंद होतो, पोरं अभ्यास कुठं करतात, पावसाळ्यात कपडे कुठं वाळवता, एवढंच विचारा आणि लिहून घ्या.

आम्ही हे केलं नाही. आमचा पहिला प्रयोग शांततेवरचा होता. दोन पात्रं, बराच वेळ कुणी बोलत नाही. आणि शेजारच्या शेडात पॉवर प्रेस. धाड... धाड... धाड. प्रेक्षकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. एकानं तर नंतर पार्श्वसंगीताचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन निघालो. प्रेसवाल्या शेठजींना विचारल्यावर कळलं, सोमवारी त्यांची सुट्टी. तेव्हापासून आमचे प्रयोग सोमवारी. इतकं सोपं होतं.

त्या वहीत आणखी तीन गोष्टी सापडल्या. पलीकडच्या गल्लीत हलगी वाजवणारी चार पोरं होती, त्यांना सरावाला जागा नव्हती. घरी वाजवलं की शेजारी भांडायचे. दहावीच्या पोरींना दुपारी अभ्यासाला शांत जागा हवी होती. आणि चाळीतल्या बायकांना वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला लांब-रुंद कोरडी फरशी हवी होती, कारण जूनपासून अंगण चिखलात.

आता हिशेब बघा. नाटकवाले येतात संध्याकाळी सातनंतर. भाडं मात्र 24 तासांचं. मग दिवसभर शेड कुलपात का ठेवायचं? सकाळ हलगीला दिली, दुपार पोरींना, मंगळवार-शुक्रवार वाकळवाल्यांना. एक पैसा घेतला नाही. नियम दोनच: गेल्यावर झाडून जायचं आणि संध्याकाळी तालीम असेल तर सहाला जागा सोडायची.

कोल्हापूरकराला हे नव्यानं सांगायला नको. आमच्याकडं पेठेपेठेत तालीम असते. तिथं आखाडा असतो, तिचाच गणपती, तिचाच फुटबॉल संघ, रक्तदान तिथंच, भांडण मिटवायचं तरी तिथंच. तालमीला कुणी प्रेक्षक नसतो. सगळे तालमीचेच असतात. आमची शिकलेली पोरं 'पर्यायी कलावकाश' वगैरे म्हणतात, म्हणू देत. मी त्यांना सांगतो, लाल मातीच्या जागी रंगमंच टाकलेली तालीम समजा.

मुंबईतही हे झालंय. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1970 च्या दशकात प्रायोगिक नाटकवाल्यांनी मुक्काम ठोकला. शाळेचा हॉल तो, ना धड विंग, ना गुबगुबीत खुर्च्या. तरी मराठी नाटकाचा एक अख्खा काळ त्या हॉलच्या नावानं ओळखला जातो. तेव्हा खुर्च्यांच्या दरपत्रकात अडकू नका.

पत्र्याचं शेड नाटकाला कसं लायक करायचं

पत्र्याखाली आवाज घुमतो. टाळी वाजवली तर दोनदा ऐकू येते. साउंडवाल्यानं फोमच्या पॅनेलचा जो आकडा सांगितला, तो ऐकून आमचा खजिनदार उठून बाहेरच गेला. उपाय वाकळवाल्या बायकांकडून आला. त्यांनीच विचारलं, "भिंतीला वाकळ लावली तर?" जुन्या साड्या, धोतरं, शर्टांच्या जाड वाकळी. 14 वाकळी दोन्ही लांब भिंतींवर टांगल्या, भिंतीपासून चार बोटं सोडून. घुमणं निम्म्यानं कमी झालं. माप घेतलेलं नाही, पण माझा कान सांगतो. आणि त्या दिवसापासून चाळीतली प्रत्येक बाई पाहुण्यांना घेऊन येते, "ही माझ्या सासूबाईंची साडी," म्हणून बोट दाखवायला. आली की नाटकही बघते.

पावसाचं मात्र काही करता येत नाही. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की नटाला ओरडूनही भागत नाही. जुलै-ऑगस्टात प्रयोग लावूच नका. चित्रप्रदर्शन लावा, तालमी घ्या, मूर्ती घडवा.

लाइटबद्दल मी पानंच्या पानं लिहीन, पण गरजेचं तेवढं सांगतो. रंगमंचावर झोत टाकणारा 1000 वॅटचा एक जुना 'पार' लाइट सव्वाचार अँपिअरच्या पुढं खातो. 16 अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन, चौथा नाही. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी करून तिच्यावर लोड टाकू नका. गुंडाळीतच ती तापते, वितळते. पूर्ण उलगडा. जमलं तर एलईडीच घ्या, जुन्या लाइटचा पिवळा मला कितीही आवडत असला तरी.

आणि आग. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 सालचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. ज्या रंगमंचावर आयुष्यभर शिडी लावून चढलो, त्याच्या छपरातून ज्वाळा निघताना बघितल्या. त्यावर जास्त लिहवत नाही.

सकाळी शेडवर आलो आणि सगळ्या वाकळी खाली उतरवल्या. लाइटपासून हातभर अंतरावर कापूस टांगलेला होता, सहा वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता लाइट आणि स्विचबोर्डच्या आसपास सहा फूट कापड नाही. दारं दोन, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, प्रयोग चालू असताना एकालाही कडी नाही. आग विझवायचे सिलिंडर तीन, त्यांच्या तारखा कॅलेंडरवर. रंगमंचावर खरी ज्योत नाही, दिग्दर्शक कितीही रुसला तरी. तुमच्या शेडात पहिला खर्च याच्यावर करा, मग बाकीचं.

पूर आला की

पूरपट्ट्यातल्या प्रत्येक हॉलवाल्यानं एक आकडा पाठ ठेवावा. आमच्याकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. आमची बाजू उंचावर. त्यामुळं 39 ऐकलं की आम्ही रंगमंचाचे ठोकळे भिंतीला लावतो आणि पाण्यातल्या लोकांसाठी फरशी मोकळी करतो. फोन यायची वाट बघत नाही.

हे 2019 च्या महापुरात शिकलो आणि जुलै 2021 ला कामी आलं. शाहूपुरीतल्या कुंभारांच्या घरात पाणी शिरायला लागलं, गणपती अर्धे रंगवलेले. रात्री टेम्पोनं मूर्ती आल्या. सकाळी बघतो तर अख्ख्या शेडात गणपतीच गणपती, डोळे न काढलेले. आमचं एक शिबिर रद्द झालं, दिग्दर्शक बाई पुण्याहून निघणार होत्या. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "फोटो तेवढा पाठवा." तीन आठवडे कुंभार इथंच बसून रंगकाम करत होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यांच्यातले दोघं रविवारी सकाळी पोरांना शाडूचा गणपती शिकवतात. मानधन घ्या म्हटलं तर म्हणाले, जागेचं भाडं तुम्ही कुठं घेतलं होतं?

कागद

कंटाळवाणं आहे, म्हणून पटकन सांगतो. सात जण तरी जमवा आणि धर्मादाय कार्यालयात संस्था आणि विश्वस्त संस्था अशी दोन्ही नोंदणी करा. 1860 चा कायदा आणि 1950 चा. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मालक मामा लागत असला तरी. आयकर खात्याकडं संस्थेची आणि देणगीच्या सवलतीची नोंदणी, जिला सगळे 12ए आणि 80जी म्हणत आलेत, ती करून घ्या, म्हणजे देणगीदाराला सवलत मिळते. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठीचा, पैसा हवा असेल तर त्याची वेगळी नोंदणी लागते.

संस्था जिथं मरतात ती जागा म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत तो द्यायचा असतो. कुणी देत नाही. मग दहा वर्षांनी कागदावर तीन मयत विश्वस्त आणि बँकेत सही चालत नाही. मी एका संस्थेत हे भोगलंय, नाव घेत नाही.

नाटक लावताना गटाकडं संहितेचं परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र मागा. बाहेर स्पीकर लावला असेल तर रात्री 10 ला बंद. आणि तारीख ठरवण्याआधी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल नाही ना, हे बघा. ते कुठल्या कायद्यात नाही, पण मोडलात तर नट सोडून कुणी येणार नाही.

पैसा आणि नकार

एका मोठ्या देणगीदारापेक्षा महिन्याला 100 रुपये देणारी 100 माणसं बरी. मोठा देणगीदार आम्हालाही भेटला होता. सगळं छत बदलून देणार होता, फक्त दारावर त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं. ठीक होतं. मग नावासोबत फोटो. मग फोटोखाली आडनावाची कमान. तेव्हा सात विश्वस्तांपैकी चौघं हो म्हणत होते, हेही सांगतो. त्या रात्री गल्लीतल्या लोकांनाच बोलावून विचारलं. हलगीवाला पोरगा म्हणाला, "मग आम्ही सकाळी कुणाच्या घरात वाजवायचं?" विषय संपला. छत आम्ही दोन वर्षांत तुकड्यातुकड्यानं बदललं.

त्यानंतरचा नियम: शेडच्या भिंतीवर माणसाचा फोटो असलेला फ्लेक्स नाही. नेत्याचा नाही, देणगीदाराचा नाही, आमचा नाही. कोल्हापुरात हा नियम पाळणं म्हणजे रोजची कुस्ती आहे. पण एकदा पाळायला लागलं की सगळ्या पक्षांची माणसं निवांत येऊन बसतात. हळद, बारसं, वाढदिवस यांनाही नकार. पहिला हो म्हटलात की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि डिसेंबरपर्यंत तुमचं मंगल कार्यालय झालेलं असतं.

हिशेब दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. आले किती, गेले किती, तूट किती. खजिनदाराला लाज वाटायची. मग एका फेब्रुवारीत फळ्यावर तूट 3,400 बघून प्रेसवाल्या शेठजींनी विचारलं, "आम्हाला का सांगत नाही?" आणि वीजबिल भरून टाकलं. ते नाटकाला येतात, मागच्या सतरंजीवर बसतात आणि दुसऱ्या प्रवेशात झोपतात. घोरत नाहीत, एवढं पुरे.

किल्ली

आमच्या शेडच्या किल्ल्या तीन. एक विश्वस्तांकडं, एक त्या महिन्यात ज्या गटाचं नाटक बसतंय त्यांच्याकडं. तिसरी समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या मावशींकडं. मावशी पहाटे साडेपाचला येतात, रात्री नवाला जातात. आमच्यातलं कुणी एवढं थांबत नाही. हलगीवाला आला, किल्ली दे. पोरी आल्या, किल्ली दे. कुणी अनोळखी घुटमळला तर मावशींनी आधीच हटकलेलं असतं. मी एकदा म्हणालो, मावशी, तुम्हाला त्रास होतोय, आम्ही वॉचमन ठेवतो. त्यांनी गाळणी बाजूला ठेवली. "कशाला? मी उघडतो की सकाळी, मी लावतो रात्री. तुम्ही नाटकं करा." आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी उघडतो'च म्हणतात.

इचलकरंजीच्या पोरांनी परवा फोन केला. त्यांच्या शेडसमोर चहाचा गाडा नाही, पिठाची गिरणी आहे. गिरणीवाले काका किल्ली ठेवायला तयार आहेत, पण कुलूप कुठलं घ्यायचं, असं विचारत होते. नंबराचं घेऊ नका. नंबर चार दिवसांत सगळ्या गावाला कळतो आणि अंधारात दिसत नाही. साधं पितळी घ्या, एकाच किल्लीच्या तीन प्रती काढा, आणि महिन्यातून एकदा आत पेन्सिलीच्या शिशाची पूड सोडा. तेल सोडू नका, गिरणीचं पीठ तेलाला चिकटेल.