पोरांना खेळायला कसं सोडायचं, म्हणजे पुढे पोलीस स्टेशनच्या चकरा टळतील

हल्ली आमच्याकडे गोव्यात, डिचोली-साखळीत केजीच्या पोरांनासुद्धा ट्युशन लागलीय. शाळा, ट्युशन, मग मोबाईल. आणि तोच पोरगा पंधराव्या वर्षी कुणाचीतरी स्कूटर उचलून फिरताना सापडला की सगळे विचारतात, संगत कुठली? संगत असेल हो, पण हरायची, राग गिळायची, आपला डाव येईपर्यंत थांबायची सवय त्याला लागणार कुठे होती?

अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ ला पेरी प्रीस्कूलचा अभ्यास सुरू झाला, गरीब घरातली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना अशी बालवाडी जिथे मूल स्वतः ठरवणार काय करायचं, ते करणार आणि मग काय केलं ते सांगणार. चाळिशीपर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले यांच्यात ३६ टक्के, बालवाडी न मिळालेल्यांत ५५. आता तिथे शिक्षिका दर आठवड्याला घरीपण जायच्या, त्यामुळे सगळं श्रेय खेळाला देऊ नका, आणि घरातली दारू, मारहाण तर खेळाने जात नाहीच.

हे ठरवणं, करणं आणि सांगणं घरी फुकटात जमतं. खेळायच्या आधी विचारा "आज काय करणार?", मग गप्प बसा, रात्री जेवताना "काय झालं रे?" एवढंच विचारा, उलटतपासणी नको.

खरी गोष्ट वाड्यावरची, म्हणजे आपल्या वस्तीतली. भात कापून झालं की मळे मोकळे होतात, तिथे लगोरी, क्रिकेट, फुटबॉल काय हवं ते, पण कोच नको. कोचिंग वाईट नाही, फक्त तिथे भांडण मिटवायला शिट्टी असते, आणि इथे "आऊट नाही रे मी" वरून जो अर्धा तास जातो ना तोच कामाचा. पोरांना कळतं की सारखी चीटिंग केली तर उद्या कोणी खेळायला घेत नाही. मोठ्यांनी एकच करायचं, कोणीतरी एक जण लांब बसायचं, विहीर, रस्ता आणि मारामारी एवढ्यावर लक्ष ठेवायचं. मुलींनापण खेळात घ्या, आणि बारक्यांना हाकलू नका, बारक्याला सांभाळून घेताना मोठा पोरगा आपोआप जरा नीट वागतो. पावसात मळ्यात जाता येत नाही तेव्हा देवळाचा मंडप किंवा कुणाचा तरी मोठा सोपा, म्हणजे ओसरी, मागून घ्या. आरडाओरडा होणार, शेजारी बोलणार, सवय होईल त्यांना.

जो पोरगा सगळ्यांना मारतो त्याला कायमचं काढू नका. त्याला सांगा, आजचा डाव बाहेर बस, उद्या परत ये. हाकललेली पोरंच मग एकत्र जमतात, आणि त्यांना जवळ करणारे लोक वेगळेच असतात.

बारा-तेराच्या पुढे लगोरी बोअर होते, इथेच पोरं निसटतात. त्यांना काम द्या. दिवाळीच्या आधी आमच्याकडे नरकासुराचा पुतळा करतात तो बघा, वर्गणी, गवत, कागद, मुखवटा कोण करणार, सगळं पोरंच ठरवतात. वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडेच ठेवा आणि वहीत लिहायला लावा. रात्रभर डीजे आणि बिअर मात्र नको, तो खेळ नव्हे.

आणि कोणी सापडलाच तर? अठराच्या आतला असेल तर केस बाल न्याय मंडळासमोर जाते, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठेवलंच तर १०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन करा. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, जे मुलाची माहिती काढून मंडळाला देतात) घरचं, शाळेचं, मित्रांचं विचारतात, त्यांना खरं सांगा, आणि त्याला क्लबात किंवा वाड्यावर खेळात घ्यायला कोण तयार आहे त्याचं नावपण द्या, कारण समुपदेशन, समाजसेवा किंवा देखरेखीखाली घरी सोडणं हे मंडळाच्या हातात असतं.