कूपनं घेऊन काउंटरवर जाताना

कोल्हापुरातून अमेरिकेत आलं की कूपनांचा नाद लवकर लागतो, आणि तो वाईट नाही. धुण्याचा साबण, डायपर, टूथपेस्ट यांवर महिन्याला चांगले पैसे वाचतात. गडबड होते ती काउंटरवर. लक्ष्मीपुरीत धान्य घेताना समोर बहुतेक वेळा मालकच बसलेला असतो. "काहीतरी कमी करा की" म्हटलं तर दोन रुपये सोडणं त्याच्या हातात असतं. इथला कॅशियर तासाच्या पगारावर उभा असतो, भाव त्याच्या हातात नसतो. चुकीचं कूपन घेतलं तर जाब मात्र त्यालाच विचारला जातो.

हे का, ते समजून घ्या. मॅन्युफॅक्चरर्स कूपन म्हणजे वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं कूपन. त्यावरची सूट आधी दुकान देतं. मग ती कूपनं गोळा होऊन क्लिअरिंग हाउसकडे, म्हणजे कूपनांचा हिशेब करणाऱ्या संस्थेकडे, जातात आणि कूपनवरची रक्कम, वर हाताळणीचे साधारण 8 सेंट, कंपनी दुकानाला देते. छापलेली अट मोडली असेल तर कंपनी पैसे नाकारू शकते. स्टोअर कूपनची सूट दुकान स्वतः देतं. एका वस्तूवर मॅन्युफॅक्चरर्स कूपन एकच चालतं. जोडीला एक स्टोअर कूपन बरीच दुकानं घेतात, काही घेत नाहीत. ॲपमध्ये मॅन्युफॅक्चररचं कूपन चढवलं असेल तर त्याच वस्तूवर पुन्हा कागदी चालत नाही.

सगळं काम घरीच उरकून जा. तारीख आधी बघा. इथे महिना पहिला लिहितात. 05/06 म्हणजे 6 मे, आपला 5 जून नव्हे. आपल्या माणसांची कूपनं परत येतात त्यात ही चूक हमखास सापडते, आणि कॅशियरनं बोट ठेवून तारीख दाखवली तरी वाद सुरूच राहतो. मग वजन, माप आणि प्रकार बघा. "50 औंस किंवा मोठी" असं छापलं असेल तर 46 औंसची बाटली चालणार नाही, चित्र अगदी तसंच असलं तरी. "एनी टू" म्हणजे दोन वस्तूंना मिळून एक कूपन. "वन पर पर्चेस" म्हणजे एका वस्तूला एक, त्यामुळे चार बाटल्यांना चार कूपनं लावता येतात. "वन पर ट्रान्झॅक्शन" असेल तर अख्ख्या बिलात एकच. या दोन शब्दांतला फरक पाठ करा. दुकानाच्या वेबसाइटवरचं कूपन धोरण छापून पिशवीत ठेवा.

शनिवार-रविवारी दुपारी आणि रोज संध्याकाळी पाच ते सातला जाऊ नका. आठवड्यातल्या सकाळी जा. दहा वस्तूंच्या एक्स्प्रेस रांगेत कूपनांची चवड घेऊन उभं राहणं तर साफ चूक. मागच्या माणसाला आधीच सांगा, "आय हॅव अ फ्यू कूपन्स." तो दुसऱ्या रांगेत जाईल.

काउंटरवर फोन कानाला नको आणि घरातल्यांशी मराठीत हिशेबाची चर्चाही नको. कॅशियर "हाउ आर यू" म्हणाला की उत्तर द्या. मग लॉयल्टीचा, म्हणजे दुकानाच्या सभासदत्वाचा, नंबर टाका आणि विचारा, "आय हॅव सिक्स कूपन्स, व्हेन वुड यू लाइक देम?" कोणी सुरुवातीला मागतात, कोणी शेवटी. कूपनं उलगडलेली, बारकोड वर, वस्तूंच्या क्रमानं द्या. चुरगळलेल्या कूपनचा बारकोड वाचला जात नाही. मग कॅशियर ते काउंटरवर अंगठ्यानं सपाट करतो, दोनदा मशीनखाली धरतो, शेवटी बारीक अक्षरं वाचत बसतो, आणि तोवर रांग खोळंबते.

मशीन नाही म्हणालं तर आवाज चढवू नका. "कुड यू प्लीज चेक द साइझ?" एवढं विचारा. तरी नाही म्हणाला तर "दॅट्स ओके, प्लीज टेक इट ऑफ." धोरणाचा कागद दाखवायचाच असेल तर मॅनेजर आल्यावर त्याला दाखवा, कॅशियरच्या तोंडासमोर नाचवू नका. दोन-तीन वेगळी बिलं करायची असतील तर आधी विचारा, मागे कोणी असेल तर पुन्हा रांगेच्या शेवटी जा.

आता एक गोष्ट कान धरून सांगतो: कूपनची झेरॉक्स काढू नका. व्हॉट्सॲपवर आलेला कूपनचा फोटो छापून वापरू नका, "सगळे वापरतात" असं कोणी आपलं माणूस सांगत असलं तरी. घरी छापायच्या कूपनवर वेगळा क्रमांक असतो, त्याची नक्कल पकडली जाते. मशीननं बीप दिलं म्हणजे कूपन खरं ठरत नाही. 2021 मध्ये बनावट कूपनांच्या मोठ्या प्रकरणात व्हर्जिनियातल्या एका बाईला 12 वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही व्हिसावर आहात. चार डॉलरसाठी फसवणुकीचा गुन्हा अंगावर आला तर तो थेट व्हिसावर येऊ शकतो. तेव्हा नाही म्हणजे नाही.

सेल्स टॅक्सवरून कॅशियरशी भांडू नका. बऱ्याच राज्यांत 4 डॉलरच्या वस्तूला 1 डॉलरचं मॅन्युफॅक्चरर्स कूपन लावलं तरी टॅक्स 4 वरच लागतो. स्टोअर कूपन असेल तर तो 3 वर लागतो. त्यात कॅशियरचा काही दोष नाही.

बिल काउंटरवर उभं राहून तपासू नका. सामानाची ढकलगाडी बाजूला घ्या, एकेक ओळ बघा, आणि सूट राहिली असेल तर पावती घेऊन कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर जा.