पायाने चालणारा लाकडाचा लेथ: सगळं काम चाकाचं

जुन्या शिवणमशीनचं बिडाचं स्टँड आणा आणि त्यावरच लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कोरायचं यंत्र, बसवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ऐकू नका. ते चाक सुई चालवण्यापुरतं आहे. सागाच्या तुकड्याला गोल पटाशी टेकली की दोन फेऱ्यांत थांबतं.

सांगाड्यासाठी पाडलेल्या चाळींतून निघालेल्या सागाच्या चौकटी मिळाल्या तर त्याच घ्या. वर्षानुवर्षं वाळलेलं ते लाकूड पावसाळ्यातही फारसं हलत नाही. दोन लांब तुकडे समांतर, मध्ये 5 सेंमी फट. त्यांवर कोरायचं लाकूड धरणारे दोन ठोकळे: पुढचा पक्का, मागचा सरकता आणि पाचरीने आवळता येणारा.

आता चाक. 19 मिमी प्लायची 60 सेंमी व्यासाची एक तबकडी कापा. तिच्या दोन्ही बाजूंना, कडेलगत, 10 सेंमी रुंदीच्या दोन-दोन कड्या चिकटवून स्क्रूने आवळा. वजन 11 किलोच्या आसपास भरतं आणि ते कडेला राहतं. तेच वजन मध्यभागी असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. आस 20 मिमीची, दोन्ही टोकांना यूसीपी 204 बेअरिंग (बैठकीसकट येणारं). मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हा नंबर सांगितला की पुरे. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा जिथे जोडतो ती खीळ, आसापासून 5 सेंमीवर.

इथे मी तीन आठवडे अडकलो होतो. चाक बसवलं, मोकळं फिरवून पाहिलं, जड बाजूला भोकं पाडून ते कुठेही थांबेल इतकं समतोल केलं. मग पायडल जोडलं. प्रत्येक वेळी क्रँक तळाशी येऊन थांबायचा. तळाशी असलेल्या क्रँकवर पाय कितीही दाबा, चाक हलत नाही. मग एका हातात पटाशी आणि दुसऱ्या हाताने चाकाला धक्का, असं मी करत राहिलो आणि एकदा चाकावरून लाकूड फिरवणाऱ्या पट्ट्यात बोट सापडून नख गेलं. असं करू नका.

कारण साधं आहे: पायडल आणि दांड्याचं ओझं क्रँकला खाली ओढतं. म्हणून शेवटचा तोल पायडल जोडल्यावरच साधायचा. चाक असं फिरलं पाहिजे की लाकडाची वरची बाजू तुमच्याकडे येईल. क्रँक माथ्यावरून थोडा पुढे, तुमच्याकडे झुकलेला धरून ठेवा. त्या स्थितीत चाकाची जी जागा सर्वांत खाली असेल तिथे खूण करा आणि वजन लावा. क्रँकवर 1 किलो ओझं येत असेल, तर आसापासून 25 सेंमीवर 200 ग्रॅमने नुसती बरोबरी होते. आणखी 100 ग्रॅम घातलं की पाय उचलल्यावर क्रँक आपोआप माथ्यापुढे येऊन थांबतो. मग पाय ठेवला की लेथ सुरू. वजन आरपार बोल्ट आणि वॉशरचंच हवं. मी आधी शिसं चिकटवलं होतं, ते निखळून पडलं.

पट्टा चामड्याचा नको, पावसाळ्यात सैल पडतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) 8 मिमी गोल पट्टा घ्या आणि टोकं तापवून जोडा. लाकूड फिरवणारी पुली 9 सेंमीची ठेवली तर मिनिटाला 70 वेळा पाय मारून साधारण 450 फेरे मिळतात. लाटणं, पोळपाटाचे पाय, मुठी यांना एवढे भरपूर.

चाकाच्या कडांना मे महिन्यातच तीन हात पॉलिश द्या. प्लायच्या कडेतून दमट हवा शिरली की चाक वाकडं होतं आणि पट्टा उतरायला लागतो. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहत असाल तर पायांखाली जाड रबर हवंच. पायडल जमिनीवर आपटतं तिथेही एक तुकडा ठोका, खालच्या घरात खरा आवाज तिथूनच जातो.