हरिश्चंद्रगडाची वाट निवडताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटांची नावे बहुतेक भटक्यांना पाठ असतात. पाचनई, खिरेश्वरहून तोलार खिंड, खिरेश्वरहूनच थेट वर चढणारी जुन्नर दरवाज्याची वाट आणि कोकणातून येणाऱ्या नळीची वाट, साधले घाट व माकडनाळ, अशी यादी कोणीही सांगेल. मात्र यांतली आपली वाट कोणती, हे ठरवताना कोणी अंतर पाहतो, कोणी छायाचित्रे पाहतो आणि कोणी मागच्या वर्षी मित्र जिथून गेला तिथूनच निघतो. वाटेतला सर्वांत अवघड टप्पा नेमका कुठे येतो आणि तो ओलांडल्यावर मागे फिरता येते का, हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात. माझ्या मते वाट ठरवायची ती याच प्रश्नाच्या उत्तरावरून.

अंतर आणि माथ्याची उंची पाहून वाट ठरवणे

गडाचा सर्वोच्च माथा, म्हणजे तारामती शिखर, समुद्रसपाटीपासून १४०० मीटरहून थोडा अधिक उंच आहे. हा आकडा सगळ्या वाटांना सारखाच असल्याने त्यावरून काहीच ठरत नाही. फरक पडतो तो पायथ्याच्या गावाच्या उंचीमुळे. पाचनई आणि खिरेश्वर ही दोन्ही गावे घाटमाथ्यावर आहेत. तिथे पोहोचेपर्यंत निम्मी उंची गाडीनेच गाठलेली असते. नळीच्या वाटेचे पायथ्याचे गाव बेलपाडा मात्र मुरबाड तालुक्यात, कोकणात आहे, त्यामुळे तिथून जवळपास एक हजार मीटरची चढाई पायांनीच करावी लागते आणि तीही अतिशय कमी आडव्या अंतरात. म्हणजे जी वाट नकाशावर आखूड दिसते, तीच अंगावर येते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही वापरला जातो: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास अधिक. खिरेश्वरच्या वाटेला या हिशेबात थोडी भर घातली की तो बऱ्यापैकी जुळतो. नळीच्या वाटेला तो लावला तर तीनेक तासांत माथा येईल असे वाटते. प्रत्यक्षात तिथे बहुतेक गट आठ ते दहा तास घेतात. याचे कारण चालण्याच्या वेगात शोधायचे नाही, ते कातळटप्प्यांवर लावलेल्या दोरापाशी आपली पाळी येईपर्यंत थांबण्यात आहे. दहा जणांच्या गटात प्रत्येकाला कातळटप्पा चढायला सहा मिनिटे लागली, तर त्या एका टप्प्यावर एक तास जातो, आणि असे टप्पे एकाहून अधिक आहेत. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास असतो, हे लक्षात घेतले की पहाटे निघण्याचा आग्रह का धरायचा, ते वेगळे सांगावे लागत नाही.

नकाशावरील रेषेवर विसंबणे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्च रेषांमधील (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचे अंतर सामान्यतः २० मीटर असते. याचा अर्थ असा की पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे बसू शकतो आणि नकाशावर त्याची वेगळी खूणही दिसणार नाही. सह्याद्रीत हा धोका अधिक आहे, कारण लाव्हाच्या थरांवर थर साचून हे डोंगर घडले आहेत; कठीण थराचा उभा कातळ, त्याखाली मऊ थराची झिजून झालेली घसाऱ्याची, म्हणजे सैल दगडमातीच्या उताराची पट्टी, पुन्हा कातळ, अशी रचना वारंवार येते. चढ एकसारखा नसतो, तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो आणि एखादीच पायरी आपल्याला अडवायला पुरेशी असते.

मोबाइलवर उतरवून घेतलेल्या मार्गाच्या नोंदीचेही तसेच. ती नोंद कोणत्या महिन्यातली आहे, त्या गटाकडे दोर होता का, आणि ते त्या वाटेने चढले की उतरले, हे त्या रेषेतून कळत नाही. शिवाय खोल नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीत, दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत, त्यामुळे रेषा शेजारच्या घळीत सरकलेली असू शकते. बेलपाड्याच्या बाजूला एकमेकींसारख्या दिसणाऱ्या घळी कमी नाहीत. तिथे गावातला वाटाड्या घेणे हाच मला खात्रीचा उपाय वाटतो.

चढता आले म्हणजे उतरताही येईल, असे मानणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असतात, हात आधी जातात आणि पाय त्यांच्या मागून. उतरताना पाय कुठे टेकवायचा ते पोटाखाली दडलेले असते, त्यात पाठीवरची पिशवी कातळाला घासून माणसाला बाहेर ढकलते. घसाऱ्यावर तर चढताना दमछाक होते, पण उतरताना ताबाच सुटतो. ज्या वाटेने वर गेलो तिनेच परत येऊ, असे ठरवून अवघड वाट निवडणारे गट दमलेल्या पायांनी, कलत्या उन्हात, सर्वांत वाईट जागी येऊन पोहोचतात.

म्हणून अवघड टप्पा वाटेत कुठे आहे ते आधी विचारून घ्यावे. तोलार खिंडीच्या वाटेवर कातळाचा उभा चढ खिंड ओलांडल्यावर लगेच लागतो. तिथे आधारासाठी लोखंडी कठडे आहेत, आणि कोणाला उंचीची भीती वाटलीच तर खिंडीत परत येऊन खिरेश्वर गाठणे सोपे असते. नळीच्या वाटेचे तसे नाही. सुरुवातीला ओढ्यातले मोठे धोंडे, मग घसारा, आणि खरे कातळटप्पे निम्म्याहून अधिक उंची चढल्यानंतर, अंगातले बळ ओसरल्यावर. तिथे एखाद्याचा धीर सुटला, तर वर जाणे आणि खाली येणे दोन्ही कठीण होते. अशा वाटेने चढून पाचनई किंवा खिरेश्वरला उतरणे हाच शहाणा बेत आहे. नळीने उतरण्याचा विचार दोर लावण्याचा सराव असलेल्यांनीच करावा.

परत फिरण्याची वेळही निघण्यापूर्वीच ठरवावी. पहिल्या कातळटप्प्याच्या पायथ्याशी गट अमुक वाजेपर्यंत पोहोचला नाही तर मागे वळायचे, असे सर्वांसमोर बोलून ठेवले की ऐनवेळी वाद होत नाही. ही वेळ गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीवरून काढायची असते.

ऋतू न पाहता “सोपी” वाट निवडणे

पावसाळ्यात नळीच्या वाटेचा विचारच करू नये. नाळ ही पाणी वाहण्याचीच जागा आहे आणि पाण्याबरोबर दगडही येतात. परंतु म्हणून तोलार खिंडीची वाट आपोआप सुरक्षित ठरते, हा समज तितकाच घातक आहे. कातळाचा चढ संपल्यावर गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत पठारावरच्या टेकाडांची चढउतार आणि दाट झाडी लागते. धुके उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच भासतात. धुक्यात वाट चुकून, भिजलेल्या अंगाने वाऱ्यात रात्र काढावी लागल्यामुळे या गडावर जीव गेले आहेत. अंग ओले असेल आणि वारा जोराचा असेल, तर पावसाळ्यातली साधी थंडीही मारक ठरते.

धुक्यात वाट हरवल्याचे लक्षात आले तर सर्वांनी एकत्र थांबावे, कोरडे कपडे घालावेत, काहीतरी खावे आणि शेवटची खात्रीची खूण दिसली होती तिथपर्यंतच मागे जाऊन पाहावे. ती सापडली नाही तर वाऱ्याचा आडोसा गाठून धुके विरळ होण्याची वाट पाहावी. पाण्याचा आवाज ऐकून ओढ्याच्या कडेने खाली उतरू नये. सह्याद्रीतला ओढा बहुधा कड्यावरच संपतो.

पावसाळ्यात जायचेच असेल तर पाचनईची वाट घ्यावी. ती सर्वांत आखूड व ठळक आहे आणि सवयीच्या चालीने दोन-तीन तासांत मंदिरापाशी पोहोचवते. तिथेही ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे वर मुसळधार पाऊस झाल्यावर पाणी ओसरेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

चुकीच्या नाळेत शिरल्यावर

पायाखाली वहिवाटीची खूण दिसेनाशी झाली, घसारा सैल आणि कोणी न तुडवलेला वाटू लागला, किंवा समोरचा कातळ चढता येईल पण परत उतरता येणार नाही असे वाटले, तर तिथेच थांबावे. तो कातळ चढून पाहू, वर वाट असेल, या आशेने माणसे कड्यात अडकतात. मागे वळताना गट विखुरलेला नसावा: एकतर सर्वांनी अगदी जवळजवळ राहावे, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडवता येतो, किंवा एकेकाने आडोशापासून आडोशापर्यंत उतरावे. अशा वाटांवर हेल्मेट हवेच. कड्यांवर आग्यामोहोळे असतात, त्यामुळे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

गाडी कोणत्या बाजूला आहे याचा विसर पडणे

ही चूक किरकोळ वाटते, पण तिच्यामुळेच माणसे नको त्या वाटेने उतरायला निघतात. बेलपाड्याला गाडी ठेवून वर आलेल्या गटाने पाचनईला उतरल्यास सह्याद्रीची धार मधे येते आणि रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. त्यापेक्षा तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरावे, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून सुमारे पाच किलोमीटर चालून खुबी फाटा गाठावा आणि तिथून माळशेज घाटाने मोरोशीला खाली यावे. मोरोशीहून बेलपाडा जवळ आहे. संध्याकाळी खुबी फाट्यावर वाहन मिळेलच असे धरून न चालता, खिरेश्वरमधल्या एखाद्या जीपवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे.