उझबेक भाषकांना इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामे आणि परिमाणवाचक शब्द कसे शिकवावेत

इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाच्या वर्गात उझबेक मातृभाषा असलेले विद्यार्थी असतील, तर 'सम, एनी, नो, एव्हरी' हा भाग पाठ्यपुस्तकातील तक्त्यापासून सुरू करू नये. उझबेकिस्तानात 2012च्या अध्यक्षीय ठरावानंतर 2013-14 या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवण्यास सुरुवात झाली, त्यामुळे तेथील तरुण विद्यार्थ्याने तो तक्ता बहुधा आधीच पाहिलेला असतो. तो अडखळतो ते वाक्य रचताना, आणि तेही ठरावीक जागी, जेथे उझबेकची घडण इंग्रजीहून वेगळी आहे. म्हणून आधी उझबेक शब्दव्यवस्था समजून घ्यावी आणि तिच्यावरून इंग्रजीकडे यावे. मराठी शिक्षकाला हे सोपे जाते, कारण या बाबतीत मराठी आणि उझबेक बऱ्याच ठिकाणी जवळ येतात. परंतु ज्या जागी त्या वेगळ्या होतात, तेथे मराठी विद्यार्थ्यांच्या चुकांचा अनुभव कामी येत नाही.

पहिल्या तासाला प्रश्नार्थक शब्दांपासून सुरुवात करावी. उझबेकमध्ये 'किम' म्हणजे कोण, 'नीमा' म्हणजे काय आणि 'काचॉन' म्हणजे केव्हा. या शब्दांना 'दिर' जोडले की 'किमदिर', 'नीमादिर', 'काचॉनदिर' म्हणजेच कोणीतरी, काहीतरी, केव्हातरी असे शब्द तयार होतात. आपला 'तरी' जे काम करतो तेच हा 'दिर' करतो. विभक्तीचा प्रत्ययसुद्धा दोन्ही भाषांत मध्येच बसतो, कारण 'कोणालातरी' याला उझबेकमध्ये 'किमगादिर' म्हणतात आणि त्यातील 'गा' हा आपला 'ला' आहे. नकारासाठी शब्दाच्या आधी 'हेच' येते (हा उझबेक शब्द आहे, मराठी 'हेच' नव्हे, आणि फळ्यावर लिहिताना ते एकदा सांगून टाकलेले बरे) आणि सर्वसमावेशक अर्थासाठी 'हर' येते. 'हेच किम' म्हणजे नोबडी, 'हेच नर्सा' म्हणजे नथिंग ('नर्सा' म्हणजे वस्तू), 'हर किम' म्हणजे एव्हरीवन. 'हर' आणि 'हेच' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत, आणि त्यातला 'हर' मराठी वाचकाला 'हरएक', 'हरतऱ्हेचा' अशा शब्दांतून ओळखीचा आहे. 'दिर' म्हणजे सम, 'हेच' म्हणजे नो, 'हर' म्हणजे एव्हरी एवढी जुळणी विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली, तर तक्त्याचा तीन चतुर्थांश भाग लगेच भरतो. 'एनी'चा रकाना मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा, कारण उझबेकमध्ये त्याला एकच एक जोडीदार नाही.

नकाराचा नियम

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. उझबेकमध्ये 'हेच' आले की क्रियापदही नकारार्थी असावेच लागते. 'हेच किम केलमादी' या वाक्यात 'केलमादी' म्हणजे 'आला नाही', आणि ते वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की 'नोबडी डिडन्ट कम' तयार होते. ही उझबेक विद्यार्थ्याची नेहमीची चूक आहे. मराठी विद्यार्थी याच जागी 'एनीवन डिडन्ट कम' असे लिहितो, कारण आपल्या 'कोणीही आले नाही' मधील 'कोणीही' स्वतः नकारार्थी नसून 'कोणीही येऊ शकते' अशा वाक्यातही चालते. चुका दोन वेगळ्या, कारणेही वेगळी. म्हणून मराठी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला सराव उझबेक विद्यार्थ्यांना देऊन उपयोग होत नाही.

मी पुढील पद्धत सुचवतो. 'मेन हेच काचॉन हेच किमगा हेच नर्सा देमादिम' हे वाक्य फळ्यावर लिहावे. याचा अर्थ 'मी कधीही कोणालाही काहीही सांगितले नाही'. यात तीन वेळा 'हेच' आहे आणि क्रियापदातील 'मा' हा चौथा नकार आहे. विद्यार्थ्यांना आधी हे चारही नकार अधोरेखित करायला सांगावे आणि मग इंग्रजीत यांपैकी एकच टिकेल, बाकी सर्व होकारार्थी किंवा 'एनी'चे होतील, एवढा नियम द्यावा. पहिल्या रीतीने 'नेव्हर' टिकवले की 'आय नेव्हर सेड एनिथिंग टू एनीवन' असे वाक्य मिळते. दुसऱ्या रीतीने क्रियापदाचा नकार टिकवला, तर 'आय डिडन्ट से एनिथिंग टू एनीवन' असे होते आणि 'कधीही' हा भाग गळतो किंवा 'एव्हर' वापरून आणावा लागतो. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिले अधिक ठाम वाटते.

आता कर्ताच 'हेच किम' असलेले वाक्य द्यावे: 'हेच किम हेच नर्सा कोरमादी', म्हणजे 'कोणीही काहीही पाहिले नाही'. येथे दुसरी रीत चालत नाही, कारण 'एनी' हा शब्द त्याला आधार देणाऱ्या नकाराच्या आधी येऊ शकत नाही आणि कर्ता तर वाक्याच्या सुरुवातीलाच असतो. त्यामुळे 'नोबडी सॉ एनिथिंग' हा एकच मार्ग उरतो. अशी दहा-बारा वाक्ये, निम्मी कर्त्यात 'हेच' असलेली आणि निम्मी कर्मात 'हेच' असलेली, मिसळून दिली की कोणती रीत केव्हा चालते हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसू लागते. इंग्रजीच्या काही बोलींत आणि गाण्यांत 'आय डोन्ट नो नथिंग' असे दुहेरी नकार सर्रास ऐकू येतात आणि चौकस विद्यार्थी त्याचा दाखला देतोच. अशा वेळी ते चूक न ठरवता, परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ते चालत नाही, एवढे सांगावे.

एनीचा रिकामा रकाना

नकारातील 'एनी' झाल्यावर प्रश्नातील 'एनी' घ्यावा. 'सावॉल बॉर्मी?' हे उझबेक वाक्य म्हणजे 'प्रश्न आहे का?', आणि त्यात नामाआधी काहीच नाही. म्हणून विद्यार्थी 'इज देअर क्वेश्चन?' असे विचारतो. मराठीतही आपण 'काही शंका?' म्हणतो, तेव्हा 'काही' हा शब्द वापरतो, पण उझबेक वाक्यात ती जागा बऱ्याचदा मोकळीच राहते. येथे विद्यार्थ्याला भाषांतर करायला न सांगता जागा भरायला सांगावे: प्रश्नात अनेकवचनी किंवा न मोजता येणारे नाम असेल आणि उत्तर ठाऊक नसेल, तर नामाआधी 'एनी' घालायचा, म्हणजे 'आर देअर एनी क्वेश्चन्स?'. काही देऊ करताना किंवा मागताना मात्र प्रश्न असूनही 'सम' येतो, कारण 'हो' हे उत्तर अपेक्षित असते. 'कोणताही चालेल' या अर्थाच्या 'एनी'साठी उझबेकमध्ये 'हर कांदाय' किंवा 'इस्तालगान' असे स्वतंत्र शब्द आहेत, आणि ही जोडी विद्यार्थ्याला फारशी अडचण न येता कळते.

'एव्हरीवन' पुढे एकवचनी क्रियापद येते, हे उझबेक विद्यार्थ्याला मराठी विद्यार्थ्यापेक्षा लवकर पटते. आपण 'सगळे आले' म्हणतो. उझबेकमध्ये 'हम्मा केल्दी' असे एकवचनी रूप सहज चालते. अडचण उलट दिशेने येते, कारण तृतीय पुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय क्रियापदाला लावणे उझबेकमध्ये पुष्कळदा ऐच्छिक असते आणि त्या सवयीने 'पीपल इज' असे लिहिले जाते. हा मुद्दा एका ओळीत सांगून पुढे जावे.

मोजणे आणि अनेकवचन

उझबेकमध्ये संख्यावाचक शब्दानंतर नाम एकवचनातच राहते. 'बेश्ता कितॉब' म्हणजे पाच पुस्तके, पण शब्दशः 'पाच पुस्तक'; 'कोप कितॉब' म्हणजे पुष्कळ पुस्तके, पण शब्दशः 'पुष्कळ पुस्तक'. त्यामुळे 'मेनी बुक', 'फाइव्ह बुक', 'सेव्हरल स्टुडंट' अशा चुका विद्यार्थ्याच्या हातून होतात, आणि त्या निष्काळजीपणाच्या नसतात. उझबेकच्या दृष्टीने अनेकपणा एकदा सांगून झाला आहे, मग तो नामावर पुन्हा का सांगायचा? इंग्रजीत तो दोनदा सांगावा लागतो, असे उघड म्हणावे आणि तपासताना विद्यार्थ्याला परिमाणवाचक शब्दापासून नामापर्यंत बाण काढायला लावावा.

'मच' आणि 'मेनी' या दोघांसाठी उझबेकमध्ये 'कोप' हा एकच शब्द आहे, आणि आपल्याकडचे 'पुष्कळ' किंवा 'खूप' तसेच आहेत. प्रश्नात मात्र उझबेक भाषा फरक करते: मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'नेचता' आणि प्रमाणासाठी 'कांचा'. हा फरक विद्यार्थ्याच्या भाषेत आधीच आहे, म्हणून त्याला 'मच की मेनी' असे न विचारता 'येथे तुम्ही नेचता विचाराल की कांचा?' असे विचारावे. 'नेचता' असेल तर 'मेनी'. ही युक्ती बहुतेक नामांना लागू पडते, पण सगळ्यांना नाही. 'मालुमॉत' म्हणजे माहिती आणि 'मास्लाहात' म्हणजे सल्ला या शब्दांची उझबेकमध्ये अनेकवचने होतात, म्हणून 'इन्फर्मेशन्स' आणि 'अॅडव्हाइसेस' लिहिले जाते. ही मोजकी नामे पाठच करून घ्यावीत. होकारार्थी वाक्यात रोजच्या बोलण्यासाठी 'अ लॉट ऑफ' वापरायला शिकवले, की मच-मेनीचा घोळ निम्मा मिटतो.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील फरक शिकवण्यासाठी उझबेकइतकी सोयीची भाषा क्वचितच असेल. 'कम' किंवा 'ऑझ' म्हणजे कमी, अपुरे. 'बिर ऑझ' म्हणजे थोडेसे, पण आहे. 'बिर' म्हणजे एक, आणि इंग्रजीतील 'अ' हेही मुळात 'एक'च. त्यामुळे 'बिर' दिसले की 'अ' लावायचा, नाही तर नाही: 'ऑझ' म्हणजे 'लिटल' आणि 'बिर ऑझ' म्हणजे 'अ लिटल', मोजता येणाऱ्या वस्तूंना 'बिर नेचता' म्हणजे 'अ फ्यू'. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच, हा अपवाद नंतर केव्हातरी सांगितला तरी चालेल.

'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' ही चूक 'द' गाळल्यामुळे होते, कारण उझबेकमध्ये उपपदेच नाहीत. येथे षष्ठीच्या 'निंग' प्रत्ययाकडे लक्ष वेधावे. 'तालाबालारनिंग कोपचिलिगी' म्हणजे विद्यार्थ्यांपैकी बहुतेक. वाक्यात हे 'निंग' असेल तर इंग्रजीत 'ऑफ'नंतर 'द', 'दीज' किंवा 'माय' यांपैकी काहीतरी यायलाच हवे, आणि 'निंग' नसेल तर 'ऑफ' सुद्धा नको, सरळ 'मोस्ट स्टुडंट्स'.

शब्दक्रमाचा एक मुद्दा मराठी शिक्षकाला सहज वाटतो, पण उझबेक विद्यार्थ्याला वाटत नाही. 'काहीतरी नवीन' हा क्रम इंग्रजीच्या 'समथिंग न्यू' सारखाच आहे. उझबेकमध्ये मात्र विशेषण आधी येते, 'यांगी नर्सा', आणि त्यातून 'न्यू समथिंग' निघते. 'एल्स'चेही तसेच, कारण उझबेकमधील 'बॉश्का' (दुसरा) आधी येते आणि 'एल्स' नंतर: 'समवन एल्स', 'नथिंग एल्स'. राहिला 'दोघेही आले नाहीत' हा प्रकार. उझबेकमध्ये 'इक्कालासी हाम केलमादी' आणि मराठीतही तशीच रचना असल्यामुळे 'बोथ डिडन्ट कम' हे वाक्य दोन्हीकडचे विद्यार्थी लिहितात. त्याऐवजी 'नायदर ऑफ देम केम' हे वाक्य नकाराच्या त्याच सरावात, 'नोबडी'च्या जोडीने, घोकून घ्यावे.